परिशिष्ट घ

नैतिकता समितीने कळवलं होतं:
मुलाखतीआधी प्रत्येक सहभागीची सही घ्यावी.
सहभागी म्हणजे माणूसच, असं काही लिहिलं नव्हतं.
लिहायची गरजच काय, असं मलाही वाटलं.

कोकणीपुऱ्यात त्या दुपारी कुणीतरी भांड्यांना कल्हई करत होतं.
नाकात चढणारा नवसागर ओलांडून
बदरुद्दीन कोकणींचं दार.
वय त्र्याऐंशी. व्यवसाय: टांगा, बंद.
प्राणी: घोडी, एक. नाव: जैतून. मृत.
प्राण्याशी नातं: मालक, पालक, इतर.

चाचांनी चष्मा पुसून तिन्ही शब्द वाचले.
"लगाम कोणाच्या हातात होता, ते विचारताय का?"
तसंच काहीसं, मी म्हटलं.

मग ते बोलत राहिले
आणि मी रकाने सोडून समासात लिहीत गेले.
होळकर पुलावर ती नदीकडच्या बाजूने चालायची नाही.
रिक्षाच्या भोंग्याला कान द्यायची, मान नाही.
रोज संध्याकाळी सिव्हिल हॉस्पिटलातून एक सवारी,
वाघचौरे सिस्टर,
दिवसभर उभं राहून सुजलेले पाय
समोरच्या फळीवर टेकवून बसायच्या,
इंद्रकुंडाजवळच्या बोळाशी उतरायच्या.

सिस्टर रिटायर झाल्या, मुलाकडे नगरला गेल्या,
तिकडेच वारल्या म्हणे.
जैतून त्या बोळाशी थांबायचीच.
टांग्यात दुसरी सवारी असली, तरी.

किती वेळ? माझं पेन तयार.
"एक बाई उतरून, पिशवी काढून,
सुट्टे मोजून, मानेवर थाप मारेल, एवढा."
किती वर्षं?
"चार."
आणि तुम्ही हाकलत नव्हता?
"तिचं काम चालू असायचं. मधे कशाला बोला?"

मागच्याच आठवड्यात सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं,
मानवीकरण टाळा.
'वाट पाहिली' नको. 'थांबली' पुरे.
मी 'थांबली' लिहिलं, वाचून दाखवलं.
चाचा म्हणाले, "थांबते तर एसटीपण."

उठताना सहीचं आठवलं.
त्यांनी उर्दूत केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश,
आणि कागद परत देईनात.
"हिची झाली नाही अजून."
चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मागच्या अंगणात, जिथं आता सुनेचं वॉशिंग मशीन आहे,
तिथं काळ्या दगडाची फरशी.
मशीनच्या नळीशेजारी वाटीएवढा खळगा.
डावा पुढचा पाय.
चारा यायला उशीर झाला की ती इथं आपटायची,
एकवीस वर्षं.
खळग्यात साबणाचं पाणी साचलं होतं.
चाचांनी लुंगीच्या सोग्यानं टिपून घेतलं, कोरडं होईपर्यंत.
मी संमतीपत्र त्यावर धरलं
आणि पेन्सिल आडवी करून घासत गेले.
आधी दगडाची खरखर उमटली,
मग कड, एका बाजूनं जास्त झिजलेली.
मधे काहीच नाही. कागद तसाच पांढरा.

प्रबंध चाळताना सर तिथं थांबले.
(थांबले. इतकंच लिहिते.)
"हा डाग कसला?"
सही आहे, सर.
मी दगडाचं सांगितलं, उशिरा येणाऱ्या चाऱ्याचं सांगितलं.
ते बराच वेळ त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून होते.
"म्हणजे ही संमती आहे, की तक्रार?"

विद्यापीठाच्या नमुन्यात
दोन्हीसाठी रेघ एकच आहे.