अनुस्वार फुकट

अक्षराला पाच पैसे.
काना, मात्रा, वेलांटी अक्षरातच धरलेली,
जोडाक्षराला अब्बा जरा कुरकुरायचे,
अनुस्वार मात्र फुकट.
त्यामुळे पानजवळग्यात
लिंबाजी, कोंडाबाई, गंगू यांचं भलं झालं
आणि कृष्णाबाईच्या सासऱ्यानं घासाघीस करकरून
घागरीवर नुसतं 'बाई' टाकून नेलं.

एका खिळ्याचं अन् हातोडीचं दुकान.
मांडीत घागर, घागरीत चिंध्या कोंबलेल्या,
ठिपक्याला ठिपका लावत नाव पुढं सरकायचं.
मी ठिपके मोजायची, झोप लागेपर्यंत.

आमच्या गावाचा इतिहास कुणी लिहिला नाही.
तो मांडण्यांवर पालथा घातलेला.
दादांच्या हातची परात उर्दूत, फसली सनातली;
तिला एक पोचा,
रझाकारीत घाईघाईनं पेवात ढकलली तेव्हाचा.
बहात्तरला एकही लग्न नाही, एकही नाव नाही.
उलट मन्मथ आप्पाची शेवंता
अंधार पडल्यावर हंडा घेऊन आली.
मोडीत घालायचाय, म्हणाली,
आधी त्यावरचं आईचं नाव खरडून द्या.
अब्बा म्हणाले, घालायचे पैसे घेतो बाई,
काढायचं काम मला येत नाही.
हंडा नावासकट गेला.

सासरी नाव बदललेल्या बायांचं
जुनं नाव फक्त भांड्यांना माहीत.
शकुंतलाकाकू मूळची ठकूबाई,
हे मला तिच्या तांब्यानं सांगितलं.
मी कुणाला बोलले नाही.

विसर्जनाच्या दिवशी, दिवेलागणीला,
भागीरथी बिराजदार नवाकोरा गडवा घेऊन आली.
नातीचं बारसं. नाव ठरायचं होतं.
आत्ता नुस्तं चि. टाका अन् तारीख, म्हणाली,
नाव शनवारी कानात सांगतील, मंग येते.
अब्बांनी चि. ठोकलं,
बोटभर जागा सोडली,
खाली २-१०-९३.

ती तारीख आली तेव्हा गाव नव्हतं.

माळवदं बसली. आमचं घर पत्र्याचं,
ऐपत नव्हती म्हणून पत्र्याचं,
म्हणून आम्ही बाहेर उभे.
ढिगाऱ्यातून निघालेली भांडी शाळेच्या मैदानात रचली,
अब्बा आठ दिवस तिथं उकिडवे बसून वाचत राहिले.
कुणाचं काय, हे तलाठ्याच्या यादीआधी
त्यांच्या बोटांना कळायचं.
जी न्यायला कुणीच आलं नाही
ती त्यांनी पालथी घातली, एकेक,
आवाज होऊ न देता.

नव्या गावात घरांना नंबर, गल्ल्या सरळ.
अब्बा मरेपर्यंत तिथं रस्ता चुकायचे.

आता माझ्याकडं वायरचं मशीन आहे.
करकरतं, अक्षराला तीन रुपये.
गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली,
सोलापुरात मावशीकडं वाढलेली, कडेवर लेकरू.
माझं बारसं राहिलं होतं, म्हणाली,
शाळेत घालताना मावशीनं सुचलं ते नाव सांगितलं.
मी फडताळातून गडवा काढला.
तिनं रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला,
जसा आपण पोराचा ताप बघतो.
टाकू का, विचारलं.
राहू द्या, म्हणाली. सवय झाली असंल त्याला.

मग पिशवीतून स्टीलचा पेला काढला.
ह्याच्यावर टाका, अवंतिका.
किती?
चार अक्षरं, बारा रुपये.
अन् टिंब?

मी मशीन बंद केलं.
अब्बांचा खिळा सापडायला वेळ लागला,
बटणांच्या डब्यात होता.
एकच ठोका.
पेला किंचित आत दबला.
हे काय केलंत, ती म्हणाली, पाणी गळंल की आता.
आम्ही भरून पाहिला.
लेकरू त्यात हात घालून बसलं.
नाही गळला.