बारदाना वजा

एकतीस वर्षं मार्केट यार्डात मी दुसऱ्याचं तोललं.
हळद. राजापुरी, सेलम, पडेल ती.
काटा थरथरायचा थांबला की आकडा पुकारायचा,
त्यातून बारदाना वजा,
उरेल तो माल.

गेल्या श्रावणात साखर निघाली.
डॉक्टरांनी गोळी दिली, चिठ्ठीच्या तळाला लिहिलं:
आहार सांभाळा.
सांभाळा म्हणजे नेमकं काय, विचारणार होतो,
पण मागं बावीस नंबर बसले होते.

मग बाकीच्यांनी सांगितलं.
साडूनं भात सोडायला लावला,
शेजारच्या गुंडव्वानं गूळ,
खताच्या दुकानातल्या माणसानं दूध,
आणि कुणाच्या तरी मेसेजनं द्राक्षं,
तासगावची सून घरात असताना.
पहाटे कारल्याचा रस.
कांदा-बटाटा आमच्यात मुळातच नाही,
दिवस मावळल्यावर ताट नाही.
राहिली होती भाकरी,
तिची अर्धी झाली, मग पाव.

पद्मा वाढायची आणि तिथंच उभी राहायची.
ओल्या मालाकडं अडत्या बघतो
तसा मी ताटाकडं बघायचो.

साखर उतरली, खरं.
पट्ट्याला खिळ्यानं भोक पाडलं,
महिन्यानं आणखी एक,
दोन्ही वेळा वाटलं, जिंकलो.
दुपारी तीनच्या सुमाराला हात कापायचे.
मी म्हणायचो, काटा जुना झालाय.

मार्चमध्ये एक दिवस आवक तुफान.
शेवटचं पोतं उतरलं, काटा मोकळा झाला,
दऱ्याप्पा हमाल म्हणाला, मापाडी, तुम्ही चढा की एकदा.
पोतं छपन्न भरलं होतं.
मी चोपन्न.
दऱ्याप्पा हसायला लागला
आणि हसू मध्येच उतरवून ठेवलं त्यानं,
फाटकं पोतं ठेवावं तसं, जपून.

चपला, पट्टा, खिशातला चष्मा, किल्ल्या.
बारदाना वजा केला
तर किती उरत होतो मी?

मिरजेच्या दवाखान्यात जिन्याखाली एक खोली आहे.
दारावर पाटी: आहारतज्ज्ञ.
तो जिना मी चारदा चढलो होतो.
वाटायचं, ज्यांना बारीक व्हायचंय
त्या पैसेवाल्यांसाठी असेल.

तस्नीम मुजावर. माझ्या धाकटीच्या वयाची.
काय काय सोडलंत, ते तिनं विचारलं नाही
(मी यादी पाठ करून गेलो होतो).
काल काय खाल्लंत, म्हणाली. सकाळपासून सांगा.
म्हटलं, वाटीभर आमटी.
ती लिहिता लिहिता थांबली:
कुठली वाटी?

पायली कुठली, शेर कुठला, पोतं कुणाचं,
जन्मभर हेच विचारत आलो मी लोकांना.
मला कुणी विचारलं नव्हतं.
घसा दाटला. खोकल्यासारखं केलं.

सूर्य कधी मावळतो ते तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं.
तुमचं लवकर जेवण मोडायचं नाही, म्हणाली,
पण रात्र फार लांब पडते, गोळीचं डॉक्टरांशी बोलते मी.
वरच्या मजल्यावर फोन लावला, माझ्यासमोर.
भाकरी परत आली, अख्खी.
दूध आलं. द्राक्षंसुद्धा, मोजून.
आणि उशीर का केलात, हे मात्र
तिनं एकदाही म्हटलं नाही.
ते मीच म्हणत होतो, बस येईपर्यंत.

पुढच्या सोमवारी घरची वाटी आणायची आहे,
चमचा, आणि काकूंना.
पद्मानं मांडणीवरून काढली,
तिच्या मामाचं नाव कोरलेली, काठाला पोचा पडलेली,
चिंचेनं घासली, रुमालात बांधली.
मोठी निघाली तर, म्हणाली.

म्हटलं, निघू दे.