दोनशे चौदा

किसुमूहून पहाटे साडेचारला निघते आमची गाडी.
मागे घडीची टेबलं, अक्षरांचा तक्ता,
थेंबांच्या बाटल्यांचा थंड डबा
आणि गुंडाळलेला बॅनर.
उतरतो मात्र तोच सगळ्यात आधी.
तो ताणून बांधल्याशिवाय फोटोवाला हलत नाही,
आणि फोटोवाला हलल्याशिवाय शिबिर.

मी नोंदणीच्या टेबलाशी.
नाव, वय, गाव, डोळा : उजवा की डावा.
वय विचारलं की म्हाताऱ्या साल सांगत नाहीत,
सांगतात, तळं चर्चच्या पायरीला लागलं होतं ना,
त्या पुरात माझा थोरला झाला.
मी अंदाजे ऐंशी लिहितो.

दोर्सिला अबुया रांगेत दोनशे चौदावी.
अख्खा किनारा तिला दानी म्हणतो;
आमच्यात आजीला दानीच म्हणतात.
दोन्ही बुबुळांवर साय धरलेली,
तरी मांडीवर नातवाचं जाळं आणि बोटांत सुई.
रांग एक पाऊल सरकेपर्यंत
तिच्या दोन गाठी मारून व्हायच्या.

"फुकट?"
फुकट, दानी.
"मग तुझा पगार कोण देतं?"
म्हटलं, ज्यांना परवडतं ते.
आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात,
तिथे प्रत्येक खोलीला खिडकी, खिडकीत तळं,
आणि त्या खोलीचं भाडं वेगळं.
ती खुदकन हसली :
"म्हणजे माझंच तळं विकून मला डोळे देताय."
माझं पेन थांबलं.
मग लिहिलं : मोतीबिंदू, दोन्ही.

त्या दिवशी काचबिंदूची अकरा माणसं निघाली.
त्यांना गोड चहा दिला आणि घरी पाठवलं.
अहवालात चहा आहे.

दुपारी दानीने आम्हा सगळ्यांना जेवू घातलं,
उगाली, आणि वाळूवर वाळवलेली ओमेना,
बोटभर रुपेरी मासळी, डोळ्यांसकट खायची.
ड्रायव्हरने दोनदा मागून घेतली.
संध्याकाळी मी रजिस्टर मिटताना पाहिलं,
तिच्या नावापुढे छापलेलंच होतं : लाभार्थी.
'दिलं' असा रकाना आमच्याकडे नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच किनारा, नवा बॅनर.
त्यावर दानी, पुरुषभर उंच,
गालावरून ओघळ, आणि खाली ठळक :
आनंदाश्रू.

ती समोर येऊन उभी राहिली,
दोन्ही डोळे लख्ख.
"ही कोण बाई रडतेय?"
तूच, दानी.
"मी कशाला रडू? तुझं ते औषध चुरचुरलं होतं."
फोटोवाला बुटाच्या नाड्या बांधू लागला.

ती मात्र हलेना.
चेहऱ्याच्या सुरकुत्या एकेक वाचत गेली,
जशी मी यादी वाचतो, बोट ठेवून.
मग हळूच म्हणाली,
"मी आईसारखी दिसायला लागले.
इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला."

त्यावर काय बोलणार?
मी पुढचं नाव पुकारलं.

तेवढ्यात तळ्यावरून वारा सुटला,
बॅनरचा एक कोपरा फाटला,
नेमका 'सामाजिक बांधिलकी'तल्या 'बांधिल'पाशी.
दानीने पदरच्या गाठीतून सुई काढली,
निळा नायलॉनचा दोरा ओवला, एका झटक्यात,
आणि ओवल्यावर स्वतःच क्षणभर
सुईच्या नेढ्याकडे बघत राहिली.

चार गाठी. मासेमारीच्या.
व्यवस्थापक म्हणाले, रंग जुळत नाही.
आता बाकीचा बॅनर कधीही फाटेल,
तो कोपरा नाही.