वार्सितीच्या नदीत माझे दोनशे रियाल

साहमला नदी नाही.
वादी आहे. गोटे, घाफची दोन झाडं,
आणि मधोमध कुणीतरी सोडून दिलेली बिनचाकांची पिकअप.
सात वर्षं तिच्याकडे बघत
मी अबायांच्या बाह्या दुमडतोय.

वार्सिती समोरच्या घरी कामाला होती.
मालकिणीचे कपडे घेऊन यायची
आणि मी टाके उसवेपर्यंत
आमच्या दोघांच्या मोडक्या अरबीत
स्वतःचं गाव सांगायची.
लाकडी खांबांवरची चाळीस घरं.
पायरी उतरली की होडी, होडीतच भाजीवाली.
खांबाचं लाकूड इतकं जड
की पाण्यात टाकलं तर बुडतं.
नदी किती रुंद, मी एकदा विचारलं.
तिनं फळीवरचे तागे मोजले, म्हणाली,
हे सगळे उलगडलेस
तरी टोक पाण्यातच राहील.

परत गेली की ती पिंजरे टाकणार होती, माशांचे.
बांबूचा सांगाडा, खाली जाळी, आत दोन हजार पिल्लं,
आठ महिन्यांनी वजनकाटा.
माझ्याच बिलबुकाच्या पाठीवर काढून दाखवलं.
एक पिंजरा तुझा. दोनशे रियाल.
कागद?
परक्याच्या नावावर तिथं जमीन होत नाही,
आणि नदी तर कुणाच्याच नावावर नाही.

मुकादम जेवता जेवता थांबला.
"बाईमाणूस, परमुलूख, त्यात मासे.
पाण्यात म्हैस आणि वर मोल करतोस होय रे?"
मी म्हटलं, हे दुकान कुणाच्या नावावर आहे?
पाटीवर अरबाब, वीजबिलावर अरबाब.
आणि बिरवाडीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं,
त्यातली नऊ मेलेली,
मी त्यांच्याखाली, 'व इतर'मध्ये.
मुकादमनं डाळ वाढून घेतली.

पहिल्या वर्षी हिशोब आला, पैशांसकट.
खाद्य. जाळीची दुरुस्ती.
घोरपडीनं नेलेले मासे, अंदाजे सत्तर.
सत्तर! कुणी विचारलं होतं?
तो निरोप मी तीन जणांना ऐकवला.

रात्री मशीन बंद केलं
की एसीची धार बादलीत पडत राहते
आणि मी तिथं राहायला जातो, थोडा वेळ.
दात घासत पिंजऱ्यावर उभा.
मूठभर खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं.
सुलभा पायरीवर मासा साफ करतेय.
तिला मासा चालत नाही. तरी करतेय.

नोव्हेंबरात वर डोंगरात पाऊस झाला
आणि वादी तासाभरात भरून आली.
पिकअप माझ्या दारावरून गेली,
उलटी, सावकाश,
कुणी रिव्हर्स घेत असल्यासारखी.
मशीन टेबलावर, तागे छताशी, मी स्टुलावर.
वार्सितीला फोन लावला. का, ते माहीत नाही.
तिच्याकडेही पाणी होतं.
दोन पिंजऱ्यांचे दोर तुटले, त्यात एक तुझा.
रडली नाही. विचारलं, तुझ्याकडे किती?
गुडघ्याच्या खाली चार बोटं.
खूण कर, म्हणाली.
आम्ही खांबावर खिळा मारतो, दर पुराला एक.
पुढच्या वेळी घर किती उचलायचं ते कळतं.

खिळा मारला तर अरबाब भिंतीचे पैसे मागेल.
कापडाचा खडू घेतला,
ओल्या भिंतीवर रेघ उठेना.
चार दिवसांनी, वाळल्यावर, अंदाजानं ओढली,
शेजारी तारीख,
आणि त्याच दुपारी बाजारात जाऊन
आणखी ऐंशी पाठवले.
दोर जाड घे म्हटलं.