पाण्याचा वार

पायथ्याच्या गाडीवर पोह्यांची कढई अजून तापलेली नव्हती
आणि पन्नासेक दुचाक्या आधीच लागलेल्या.
रविवारी गोगाबाबाला इतकी गर्दी
की टेकडीनंच जरा सरकून जागा द्यावी.

पुढे बँकेतले चौघं, कमरेवर हात.
मागे कॉलेजची पोरं, मोबाईलवर भजन की रॅप,
वाऱ्यात कळेना.
मधे मी, गुडघा सांभाळत,
आणि सोबत रुस्तुम खंदारे,
पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं लाइनमन,
आता निवृत्त. पायात अजून खात्याचेच बूट.

"मुरूम हाय. पाय आडवा टाका, मॅडम.
चढताना कुनी पडत नसतं."
अर्ध्या वाटेपर्यंत एवढंच बोलला.

माथ्यावर छोटं देऊळ, घंटेपाशी रांग,
आणि त्याहून मोठी रांग त्या खडकाशी
जिथून फोटो चांगला येतो:
खाली मकबरा, खडीसाखरेच्या खड्याएवढा,
पश्चिमेला देवगिरी,
धुरकटात पालथं घातलेलं फुलपात्र.
कुणीतरी दक्षिणेला बोट केलं,
ते चमकतंय ना, तो नाथसागर!
"पत्रा हाय तो," रुस्तुम म्हणाला, "कारखान्याचा.
धरण इथून दिसत असतं
तर आमाला एवढ्या शिव्या पडल्या नसत्या."

मग खडकाकडे पाठ करून तो उकिडवा बसला,
आणि काय बघतोय ते मला उशिरा दिसलं.
टाक्या.
गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या,
सुपातून उडीद सांडावेत तशा.

"तिथं आठव्या दिवशी. तिकडं पहाटे तीनला, पाऊण तास.
त्या चिंचेखाली व्हॉल्व्ह हाय, उलटा बसवलेला,
माज्याबिगर कुनाला म्हाईत नाही.
ती निळी खिडकी दिसती?
तिथल्या बाईनं मला कळशी फेकून मारली व्हती.
पुढल्या वारी चहा पाजला."

एकतीस वर्षं त्यानं हे शहर
खड्ड्यात उतरून पाहिलं,
गुडघाभर गाळात, टॉर्च दातांत धरून.

अचानक उठला. "थांबा. आज बेगमपुऱ्याचा वार."
एका भिंतीवर उन्हाची बारीक रेघ लकाकत होती.
मला ऊनच वाटलं.
त्यानं फोन लावला.
"मुश्ताकभाई, टाकी भरली तुमची.
भिंतीवरून चाललंय. मोटर बंद करा.
... नाही, गल्लीत नाही.
वर हाय. वर.
अहो, टेकडीवर!"

आम्ही दोघं बघत राहिलो.
रेघ अगोदर बारीक झाली, मग तुटली,
मग नुसता ओला डाग.
मागे कुणी कुरकुरलं,
सूर्य फोटोत नीट येत नाही.

मी माझी गच्ची शोधू लागले.
सगळ्या सारख्याच.
"हडकोतलं ना तुमचं?" रुस्तुम बुटाची नाडी आवळत म्हणाला,
"मंगळवारी या. मंगळवारी सापडंल."