कुलूप

पहिलाच तास. खोली दोनशे चौदा, वुल्व्हरहॅम्प्टन.
रेडिएटर नुसता खडखडतोय, तापायचं नाव नाही.
मी टेबलावर एक जुनं पितळी कुलूप ठेवते,
भंगारातून दोन पौंडांना आणलेलं, किल्ली नसलेलं,
आणि विचारते, हे कुणी केलं?

मागच्या बाकावरून उत्तर तयार:
एका माणसाला सुचलं. त्यानं रात्र जागवली.
बरं, मी म्हणते,
त्या रात्री त्याला जेवायला कुणी वाढलं?
हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला.

फळ्यावर लिहिते: उद्योजक.
भोवती जागा सोडते, पुष्कळ.

मग कीरन टॉन्क्स, अंगातला कोट न काढता,
सांगतो, आमचे खापरपणजोबा इथल्याच विलेनहॉलचे.
कानस चालवून चालवून पाठीला कुबड आलं.
अख्ख्या गल्लीलाच होतं म्हणे.
पबमध्ये बाकांमागच्या भिंतीत
खोबणी कोरून ठेवल्या होत्या म्हणतात,
कुबड टेकायला.

पेटंटच्या अर्जात कुबड कुठल्या रकान्यात भरायचं,
हे मला विचारायचं असतं.
पण मनात येतं भलतंच:
ती खोबण कुणाला सुचली?
कोण तो गवंडी, कोण ती पबवाली,
जिनं बघितलं की ही माणसं
बिअर पितानाही नीट बसू शकत नाहीत?

शनीसला नेल-बार काढायचाय.
ह्या सगळ्याचा तिला उपयोग काय, विचारते.
रास्त आहे. फी भरलीय तिनं.
भांडवल? बँक नको म्हणाली.
पण आजीची पार्डनर आहे, ती सांगते,
वीस बायका, दर शुक्रवारी पन्नास पौंड,
चर्चमागची खोली, पाळीपाळीनं सगळी रक्कम एकीला.
आणि कुणी बुडवलं तर?
ती माझ्याकडे असं बघते
की मीच ती बँक.

भिशी!
माझ्या तोंडून निघतं, भर वर्गात, मराठीत.
इचलकरंजीत शेवंताकाकूंच्या डालड्याच्या डब्यात
चिठ्ठ्या असायच्या घडी घातलेल्या.
माझं विमानाचं तिकीट त्या डब्यातून निघालं.
पाळी खरं तर बिस्मिल्लाचाचीची होती.
तिनं सोडली. तिचं शिलाई मशीन
वर्षभर लांबलं, की कायमचंच,
मी कधी विचारलं नाही.
माझ्या बायोडेटात 'स्वबळावर' असा शब्द आहे.
हे मात्र मी वर्गाला सांगत नाही.

दहा मिनिटं उरलीत, स्लाइड एकही उघडलेली नाही.
गुरलीनच्या केसांतली पिन मागून घेऊन
कीरन कुलपाशी झटापट करतोय,
जीभ दातांत, नाक टेबलाला टेकेल इतका वाकून.
कुणीतरी मोबाइलचा उजेड धरलाय.
कुणीतरी म्हणतंय डावीकडे, अरे, डावीकडे.

उघडत नाही.
पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी,
विचारतायत, झालं का?