उणेअधिक चाळीस

टेकडीला गावात म्हणतात शेळीचं डोकं.
नकाशात तिला नुसता आकडा आहे, नऊशे सोळा मीटर,
आणि येरेवानच्या ज्या फायलीतून आमचा पगार निघतो
तिथे एका राजाचं नाव, पुढे प्रश्नचिन्ह.

मी पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहिते. पेन्सिलीनं.
शाई उडते, शिसं टिकतं.
खड्डा चार, थर तिसरा, खापरं सतरा,
काळ्या काचदगडाचं एक पातं,
अजून बोट कापेल असं.

जुलैत दगड निघाला, ग्रीक अक्षरांचा,
डावीकडून तुटलेला.
राहिलंय तेवढं: केर्त.
केर्त म्हणजे वसवलेलं.
कुणी, ते फुटक्या बाजूला होतं.
वाराझ्दात सरांनी त्या जागी तीन राजे बसवून पाहिले.
तिन्ही बसले.
राजांचं असंच, रिकामी जागा दिसली की बसतात.

सप्टेंबरात जळक्या गव्हाचा निकाल आला,
रांजणाच्या बुडाशी मूठभर सापडला होता त्याचा:
इसवी सनापूर्वी एकशे साठ, उणेअधिक चाळीस.
न्शान फावड्यावर हनुवटी टेकून हसला.
"ऐंशी वर्षांत माझा अख्खा जन्म मावतो.
पण माझी आई याहून ढोबळ."

ग्युम्रीच्या अनाथालयात तिला आणली
तेव्हा तोंड उघडून दात पाहिले,
वहीत लिहिलं, वय सहा.
जन्मतारीख त्याच दिवसाची टाकली,
वही उघडीच होती.
गाव?
वरचं गाव, ती म्हणाली.
कशाच्या वरचं?
खालच्या गावाच्या.
तेच लिहून घेतलं.
ऐंशीची होऊन गेली ती,
किंवा ब्याऐंशीची, किंवा अठ्ठ्याहत्तरची.
थडग्यावर आकडा मात्र पक्का,
पाथरवट उणेअधिक कोरत नाही,
अक्षरामागे पैसे घेतो.

आज ताडपत्री ओढून खड्डे झाकले. बर्फ येईल.
फॉर्मवर स्थळनामाचा रकाना कोरा सोडता येत नाही.
राजाच लिही, सर म्हणतात,
आणि प्रश्नचिन्ह काढ,
देणगीदारांना ते खुपतं.

मी पेन्सिलीला टोक करत बसलेय.
रांजणाच्या गळ्यावर, माती ओली असताना
कुणीतरी बोटानं तीन रेघा ओढल्यात.
मापं असतील. किंवा दिवस. किंवा पोरं.
त्यांच्यासाठी रकाना नाही.

खाली उतारावर न्शानची नात
शेळ्या परत बोलावतेय,
एकेकीला
तिच्या तिच्या नावानं.